इंग्रजीत बोलताना मी हुकूम सोडतेय असं का वाटतं? कुड, वुड, शॅलबद्दल मदत हवी आहे

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी परिचारिका आहे. मूळची तासगाव तालुक्यातली. शिक्षण मिरजेला झालं, मग आठ वर्षं पुण्यात आयसीयूत काढली आणि आता सात महिने झाले, इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात आहे. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) पहिल्या वेळेसच पास झाले, बोलण्याच्या भागातही हवी ती श्रेणी मिळाली. त्यामुळे भाषेची काळजी मिटली असं मी धरून चालले होते.

मागच्या मंगळवारी वॉर्ड मॅनेजरनी मला बाजूला बोलावलं. बाई प्रेमळ आहेत. म्हणाल्या, तुझ्या कामात नाव ठेवायला जागा नाही, पण दोन रुग्णांच्या घरच्यांनी सांगितलं की तू ‘अब्रप्ट’ बोलतेस, माणसांना हुकूम दिल्यासारखं. मी मान डोलावली. खोलीवर येऊन शब्दाचा अर्थ पाहिला: तुटक, तुसडं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात आजोबांना कोणी ‘तू’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पुण्यात आयसीयूतल्या बेशुद्ध रुग्णालासुद्धा मी ‘काका, आता कूस बदलतोय हं आपण’ असं सांगून मगच हात लावायचे. अशी मी, आणि इथे तुसडी?

मी जे बोलते ते जसंच्या तसं लिहिते. ‘गिव्ह मी युअर हॅंड.’ ‘सिट हिअर, प्लीज.’ ‘टेक धिस टॅबलेट.’ ‘यू वॉन्ट टी?’ माझ्या मनात मात्र त्या वेळी ‘आजी, हात द्या बरं जरा’, ‘इथे बसा हं’, ‘चहा घेणार ना?’ हेच चाललेलं असतं. आवाजही मी मऊच ठेवते.

आणखी दोन गोष्टी झाल्या, त्याही सांगते.

एका सहकारी मैत्रिणीनं विचारलं, ‘वुड यू माइंड स्वॉपिंग सॅटरडे विथ मी?’ मला शनिवार बदलून द्यायला काहीच अडचण नव्हती. मी हसून म्हटलं, ‘येस, येस!’ तिचा चेहरा पडला आणि ती ‘ओह, ओके’ म्हणून निघून गेली. तीन दिवसांनी दुसऱ्या एकीकडून कळलं की मी तोंडावर नकार दिला असं तिला वाटलंय. तिच्या मुलाचा वाढदिवस होता त्या दिवशी. हे माझ्या मनाला फार लागून राहिलंय.

दुसरं म्हणजे, आणखी एक जण जानेवारीत मला म्हणाली, ‘यू मस्ट कम राउंड फॉर डिनर!’ मस्ट म्हणजे यायलाच हवं. मी दोन रविवार मोकळे ठेवले. पुढे काहीच नाही. ती भेटते, छान बोलते, पण जेवणाचं नाव नाही. माझ्याकडून काही चुकलं का?

आम्हाला पाचवीपासून इंग्रजी. बारावीच्या पेपरात ‘मोडल ऑक्झिलरी ओळखा’ हा प्रश्न मी कधी चुकवला नाही. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, कुड हा कॅनचा भूतकाळ. यादी आजही पाठ आहे. पण पलंगाशेजारी उभी राहिले की त्या यादीतलं काय उचलायचं ते सुचत नाही. कोणी मला हे आपल्या भाषेत समजावून सांगाल का? परवा परत सलग तीन दिवस लॉंग डे (बारा तासांची पाळी) आहे.

---

कृष्णाकाठचा_मास्तर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ३१ वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तीच यादी फळ्यावर लिहून. म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर थोडी जास्तच आहे असं वाटतं. सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो: तुम्ही तुसड्या नाही. तुमचा आदर वाटेत कुठे गळून पडतो तेवढं पाहू या.

‘हात द्या’ हे वाक्य घ्या. व्याकरणात हा आज्ञार्थच. तरी कोणाला तो हुकूम वाटत नाही, कारण आदर ‘द्या’च्या त्या ‘आ’काराला चिकटलेला आहे. ‘दे’ आणि ‘द्या’ यांत जमीनअस्मानाचा फरक. शिवाय ‘जरा’, ‘बरं’, ‘हं’, ‘ना’ ही आपली छोटी छोटी पाखरं आहेतच. आता हे इंग्रजीत न्या. ‘दे’ला ‘गिव्ह’ आणि ‘द्या’लाही ‘गिव्ह’. इंग्रजीत पूर्वी तू आणि तुम्ही असा भेद होता, ‘दाऊ’ आणि ‘यू’. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून तो काही शतकांपूर्वीच गेला. म्हणजे तुम्ही मनात ‘द्या’ म्हणता आणि समोरच्याच्या कानावर ‘दे’ पडतं. वर ‘प्लीज’ लावलंत तरी ‘कृपया दे’ एवढंच होतं. आणि ‘काइंडली’ तर अजिबात लावू नका. आपल्याकडे अर्जात तो शब्द गोड वाटतो, तिकडे तो नोटीस बजावल्यासारखा ऐकू येतो.

मग त्यांनी आदर ठेवला कुठे? तर त्या मोडल क्रियापदांत. आपण क्रियापदाच्या शेवटी मान देतो. ते वाक्याच्या सुरुवातीला समोरच्याला मोकळीक देतात. ‘कुड यू’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची जागा राहते. ती जागा ठेवणं हाच त्यांच्याकडचा मान.

‘कुड हा कॅनचा भूतकाळ’ हे मीच शिकवलंय. खोटं नाही, पण विनंतीत त्याचा काळाशी संबंध नाही. आणि हे आपल्याला परकंही नाही. शेजारच्या घरी काही मागायला गेलात की तुम्ही काय म्हणता? ‘काकू, तुमच्याकडे एक काम होतं.’ ‘जरा विचारायचं होतं.’ काम आत्ता आहे, विचारायचं आत्ता आहे, मग ‘होतं’ का? कारण भूतकाळात टाकलं की मागणं जरा लांब जातं, अंगावर येत नाही. कॅनचं कुड आणि विलचं वुड होतं ते याच कारणानं. पाठ करायची गरज नाही, ‘होतं’ आठवा.

आता मराठीतून जोड्या लावून देतो. शाळेत असं शिकवायला हवं होतं, हे मला निवृत्त झाल्यावर उमगलं.

‘देऊ का? करू का? उघडू का?’ म्हणजे ‘शॅल आय?’ ‘खिडकी उघडू का?’, ‘शॅल आय ओपन द विंडो?’ अगदी साच्यातून काढल्यासारखं. आणि ‘जाऊ या का?’ म्हणजे ‘शॅल वी?’ पलंगावरून उठवताना ‘बसतं होऊ या का?’ म्हणता ना, तेच ‘शॅल वी सिट यू अप?’

‘जमेल का?’ म्हणजे ‘कुड यू?’ ‘जरा कुशीवर वळायला जमेल का?’, ‘कुड यू टर्न ऑन टू युअर साइड?’ यात क्षमतेची विचारपूसही आहे आणि विनंतीही, आणि आजारी माणसाला ती विचारपूस बरी वाटते.

‘द्याल का? सांगाल का?’ म्हणजे ‘वुड यू?’ तुम्ही पोस्टच्या शेवटी आम्हाला ‘समजावून सांगाल का?’ असंच विचारलंत. ‘विल यू’ही व्याकरणात बसतं, पण जपून. ‘विल यू सिट डाउन’ हे जरा जोर देऊन म्हटलं की ‘बसतोस की नाही आता!’ असं होतं.

‘घेणार का? घ्याल का?’ म्हणजे ‘वुड यू लाइक?’ चहाला ‘यू वॉन्ट टी?’ नको, ‘वुड यू लाइक अ कप ऑफ टी?’

‘चालेल का?’ म्हणजे ‘इज इट ऑल राइट इफ आय…?’ किंवा साधं ‘कॅन आय…?’ परवानगी मागायला ‘मे आय’ आपल्या प्रत्येक पोराला येतं, वर्गाच्या दारात उभं राहून ‘मे आय कम इन सर’ म्हणूनच आपलं इंग्रजी सुरू होतं. ते बरोबरच आहे, फक्त आज जरा औपचारिक वाटतं. पण ‘मे यू हेल्प मी’ असं कधीही नको. विनंतीत मे हा ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्याबरोबरच चालतो, ‘तुम्ही’बरोबर नाही.

आणि तुमचा शनिवार. ‘माइंड’चा अर्थ मन नव्हे, हरकत. ‘वुड यू माइंड’ म्हणजे ‘तुमची काही हरकत आहे का?’ तुम्ही उत्तर दिलंत, ‘हो, हो!’ मराठीत कोणी ‘हरकत आहे का’ विचारलं तर तुम्ही आपोआप ‘छे, काही हरकत नाही’ म्हणाला असता. तेच तिकडचं ‘नॉट ॲट ऑल’. म्हणजे होकार द्यायचा तर नकारानं सुरुवात करायची. मैत्रिणीला जाऊन सरळ सांगा की मला हो म्हणायचं होतं. माणसं समजून घेतात.

एक गंमतीची गोष्ट राहिली. प्रत्येक आज्ञार्थ उद्धट नसतो. ‘हॅव अ सीट’, ‘हॅव सम मोअर’, ‘डू कम इन’ हे सगळे आज्ञार्थ, तरी अगत्याचे. जेफ्री लीच या ब्रिटिश भाषावैज्ञानिकानं हे १९८३ साली फार सोप्या तऱ्हेनं मांडलं: ज्यात फायदा ऐकणाऱ्याचा, ते थेट सांगितलं तर शोभतं, ज्यात त्रास ऐकणाऱ्याला, ते आडवळणानं मागावं. आपल्या पंगतीत ‘घ्या हो, अजून एक घ्या’ म्हणताना कोणी ‘आपण कृपया घेऊ शकाल का’ म्हणत नाही. म्हटलं तर वाढायची इच्छा नाही असंच वाटेल. तोच न्याय. तुमच्या वॉर्डात बिस्कीट देताना ‘हॅव अ बिस्किट’ बिनधास्त म्हणा. हात मागताना मात्र ‘कुड’.

---

क्लाइडकाठी

मास्तर, सुंदर लिहिलंत. ग्लासगोहून एक भर घालतो, म्हणजे ताईंनी कधी इकडे नोकरी बदलली तर गोंधळ नको.

इकडे ‘शॅल आय’ फारसं ऐकू येत नाही. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्येही लोक ‘विल आय?’ म्हणतात. मी नवीन असताना घरमालकीणबाईंनी विचारलं, ‘विल आय पुट द केटल ऑन?’ मला वाटलं बाई स्वतःचं भविष्य मला विचारताहेत, मी किटली ठेवणार का? मी गप्प उभा. त्याही गप्प उभ्या. अर्थ इतकाच होता: चहा ठेवू का? अमेरिकेतही शॅल कमीच, तिथे ‘शुड आय’ किंवा ‘डू यू वॉन्ट मी टू’ चालतं. म्हणजे ‘देऊ का’ला एकच शब्द सगळीकडे आहे असं धरू नका. आपल्या वॉर्डातली माणसं काय म्हणतात ते ऐकायचं.

---

सिस्टर_एकोणीस_वर्षं

द्राक्षबाग, मी २००६ पासून इथे, मिडलॅंड्समध्ये. तुझ्याच धंद्यातली आहे आणि मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना?

मास्तरांचं सगळं बरोबर आहे. मी फक्त वॉर्डातलं सांगते, कारण वॉर्डातली भाषा पुस्तकात नसते.

इथल्या नर्सेस दिवसभर जी तीन-चार वाक्यं म्हणतात ती कानात भर. ‘इफ यू कुड जस्ट पॉप युअर आर्म आउट फॉर मी.’ यात ‘इफ’ आहे पण पुढचं वाक्य नाही, अर्धंच सोडून देतात. आपलं ‘जरा हात बाहेर काढलात तर…’ अगदी तसंच. ‘पॉप’ म्हणजे पटकन, हलकेच. ‘पॉप युअर स्लिपर्स ऑन’, ‘पॉप अप ऑन टू द बेड’. आणि ‘फॉर मी’ शेवटी. या दोन शब्दांनी जे काम होतं ते तुझ्या मनातल्या ‘बरं’ आणि ‘जरा’चं आहे. ‘कॅन आय जस्ट चेक युअर ब्लड प्रेशर?’ यातलं ‘जस्ट’ही तेच.

आता महत्त्वाचं. ओस्कीच्या, म्हणजे इथल्या नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, तयारीत तुला शिकवलं असेल की प्रत्येक गोष्टीआधी संमती घ्यायची. ती परीक्षेपुरती नसते. तू ‘कॅन आय’ विचारलंस आणि आजी ‘नो’ म्हणाल्या तर तो खरा नकार आहे. थांबायचं, कारण विचारायचं, नंतर परत यायचं, लिहून ठेवायचं. पुण्यात आपण ‘चला, इंजेक्शन घ्यायचंय’ म्हणून मोकळ्या व्हायचो. इथे प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघायची. घरच्यांना हुकूम वाटतो तो पुष्कळदा यामुळेच. ‘कॅन आय’ म्हणताना हात आधीच दंडावर रक्तदाबाचा पट्टा, म्हणजे कफ, गुंडाळत असतो! तुझं होतंय का असं, एकदा बघ.

आणि उलटीकडूनही सांभाळ. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘वुड यू लाइक टू टेक युअर टॅबलेट्स नाउ?’ विचारलंस तर ‘नो, थॅंक यू’ येणारच. गोळ्या काय कोणाला आवडतात? तिथे लांबलचक सभ्य वाक्यानं त्यांचा गोंधळही उडतो. मी सरळ सांगते, ‘आय हॅव गॉट युअर टॅबलेट्स हिअर. धिस इज द वन फॉर युअर हार्ट.’ मग खऱ्या निवडीचं विचारते: ‘वुड यू लाइक देम विथ वॉटर ऑर विथ ज्यूस?’ घ्यायच्या की नाही हे त्यांच्याच हातात राहतं. पण मी घाबरवतही नाही आणि उगाच नकाराकडे ढकलतही नाही.

कोणी पलंगावरून पडायच्या बेतात असेल तर कुड-वुड सगळं बाजूला. ‘स्टे देअर! डोंट मूव्ह!’ मोठ्यानं. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. नंतर जवळ बसून ‘सॉरी आय शाउटेड’ म्हणायचं.

आणखी एक, याचा मला पहिलं वर्षभर त्रास झाला. चहा विचारल्यावर ‘आय अ‍ॅम ऑल राइट, लव्ह, थॅंक्स’ म्हणाले तर तो नकार आहे. ‘मी बरी आहे’ असं सांगत नाहीत, ‘नको गं’ म्हणताहेत. मी बिचारीनं किती कप चहा वाया घालवला. आणि तुला कोणी विचारलं तर नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ तोडू नको. ‘येस, प्लीज’, ‘नो, थॅंक यू’. ‘आय डोंट वॉन्ट’ तर नकोच, ते ‘मला नकोय!’ म्हणून ताट सरकवल्यासारखं होतं.

जेवणाच्या आमंत्रणाचं मनाला लावून घेऊ नको. तू काही चुकली नाहीस. ‘यू मस्ट कम’ यातलं मस्ट सक्तीचं नसतं, अगत्याचं असतं. आपण नाही का रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्यांना म्हणत, ‘या ना एकदा घरी!’ ते लोक संध्याकाळी दारात उभे राहत नाहीत. आणि खरंच बोलवायचं असतं तेव्हा? ‘रविवारी दुपारी जेवायलाच या, दुसरं काही ठरवू नका.’ वार आला, वेळ आली की आमंत्रण. इथेही तेच: ‘वुड यू लाइक टू कम फॉर लंच ऑन संडे? अराउंड वन?’ तारीख नसेल तर त्यांना तू आवडतेस एवढंच समज, आणि ‘दॅट वुड बी लव्हली’ म्हण.

---

नाशिककर_डब्लिन

सगळे ताईंनाच बदलायला सांगताहेत म्हणून लिहितो. बाई दिवसाचे बारा तास त्या म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसतात, औषधं देतात, आणि दोन कुटुंबांनी काय पाहिलं, तर वाक्यात ‘कुड’ नाही. रुग्णांच्या घरच्यांनीही थोडं समजून घ्यायला नको का, की जगात प्रेम दाखवायच्या इतर रीती आहेत? मला हे मनापासून वाटतं. आपली भाषा उद्धट आहे असं म्हणून आपणच मान खाली घालू नये.

---

सिस्टर_एकोणीस_वर्षं

नाशिककर, तुमचं म्हणणं पोचलं, आणि मॅनेजरनं घरच्यांशीही बोलावं असं मलाही वाटतं. मराठी उद्धट आहे असं इथे कोणीच म्हटलेलं नाही, मास्तरांनी तर उलटंच दाखवलंय. पण पलंगावरच्या माणसाचा विचार करा. कपडे दुसऱ्यानं बदलायचे, संडासला कधी न्यायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, दिवा कधी बंद होणार तेही दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाला दिवसभरात ‘चालेल का?’ असं विचारणारं कोणी भेटलं तर ते त्याच्यासाठी शिष्टाचारापुरतं राहत नाही. माझी आई गेल्या वर्षी साताऱ्यात दवाखान्यात होती. तिला ‘ए आजी, वळ तिकडं’ म्हणणारा वॉर्डबॉय आणि ‘आजी, वळता का जरा?’ म्हणणारी मुलगी, यांतला फरक तिनं मला फोनवर तीनदा सांगितला.

---

द्राक्षबाग

तुम्हा सर्वांचे खूप आभार. तीन दिवसांची ड्युटी संपवून लिहितेय.

ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. कफ. मी ‘कॅन आय’ म्हणेपर्यंत माझे हात दंडावर असतात. आयसीयूत कोणी उत्तर द्यायच्या अवस्थेत नसायचं, त्यामुळे हाताला थांबायची सवयच नाही. काल एका एक्याण्णव वर्षांच्या आजींपाशी मी मुद्दाम दोन्ही हात पलंगाच्या कठड्यावर ठेवले आणि विचारलं, ‘कुड आय जस्ट चेक युअर ब्लड प्रेशर?’ आणि थांबले. थांबलेलं फार लांब वाटलं. आजींनी आधी चष्मा नीट केला, मग माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच कार्डिगनची बाही वर सरकवायला लागल्या. बोटं वाकलेली आहेत संधिवातानं, बटण निघेना. मी म्हटलं, ‘शॅल आय?’ एवढंच. बटण काढून द्यायचं होतं, पुढचे शब्द सुचलेच नाहीत, पण दोनच शब्द पुरले. ‘ओह, वुड यू, लव्ह?’ म्हणाल्या. आणि मला एकदम लक्षात आलं की ‘काढू का?’ ‘काढतेस का गं?’ हेच आम्ही दोघी बोललो. सर, तुमची जोडी डोळ्यांसमोर उभी राहिली.

सात महिन्यांत त्या माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. काल बाही खाली करता करता सांगितलं की तरुणपणी त्या लोकरीच्या गिरणीत कामाला होत्या.

मैत्रिणीला भेटले. ‘माइंड’चा घोळ सांगितला, मराठीत ‘हरकत आहे का’ला ‘नाही’ म्हणतात तेही सांगितलं. ती आधी बघतच राहिली, मग तिनं मला मिठी मारली. वाढदिवस तर होऊन गेला, त्याचं वाईट वाटतंच. पण तिनं लगेच विचारलं, ‘वुड यू लाइक टू कम फॉर लंच, संडे वीक? अराउंड वन?’ वार आला, वेळही आली! मी ‘येस, प्लीज, आय वुड लव्ह टू’ म्हटलं.

आता दोन प्रश्न. संडे वीक म्हणजे येता रविवार की पुढचा? आणि रिकाम्या हातानं कशी जाऊ? आईनं पाठवलेल्या चकल्या आहेत, त्या नेल्या तर बरं दिसेल का?

---

सिस्टर_एकोणीस_वर्षं

संडे वीक म्हणजे येत्या रविवारच्या पुढचा रविवार. येत्या रविवारी जाऊन उभी राहू नको.

तिला आधी विचार, ‘कॅन आय ब्रिंग एनीथिंग?’ ती म्हणेल, ‘नो, जस्ट युअरसेल्फ.’ हा त्यांचा ‘अहो कशाला आणलंत!’ आहे, त्यामुळे काहीतरी ने. चकल्या छानच. फक्त त्यात तीळ असतील, आणि घरात लहान मूल आहे, म्हणून आधी मेसेज करून विचार: ‘वुड सेसमी बी ऑल राइट फॉर एव्हरीवन?’ इथे तिळाची अ‍ॅलर्जी असणारे लोक भेटतात. आणि ताटात वाढताना ती दुसऱ्यांदा आग्रह करेलच असं नाही. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘येस, प्लीज’ म्हण.